बारा नंबरची बेल

तेलीबांध्याजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात कुमुद अमोलिक हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती. वय बावन्न, नोकरीला सत्तावीस वर्षं झालेली. जुलैतल्या एका सोमवारी खुब्याचं ऑपरेशन झालेली एक बाई बारा नंबरच्या बेडवर आली. कागदावरचं नाव वाचून कुमुदचा हात थांबला. इंदू गोरडे. तिच्याच चर्चमधल्या इंदूमावशी.

एकोणीस वर्षांपूर्वी कुमुदच्या धाकट्या बहिणीचं, ऋताचं, लग्न नागपूरला ठरलं होतं. महिना उरला असताना मुलाकडच्यांच्या कानावर गेलं, की पोरीला लहानपणी मिरगी यायची. ते खरं होतं. आठव्या वर्षानंतर तिला एकदाही झटका आला नव्हता, हेही खरं होतं. पण ते कुणी सांगितलं नाही. मिरगीचं सांगणाऱ्या इंदूमावशीच होत्या. लग्न मोडलं. ऋता एका शाळेत शिकवू लागली आणि कुमुदच्या घरीच राहिली.

जोडीच्या सिस्टरला, सोनियाला, हे सगळं ठाऊक होतं. तिने त्याच दिवशी म्हटलं, "दीदी, बारह नंबर मुझे दे दो. मेरे दो पेशंट आप ले लो."

कुमुद नाही म्हणाली. प्रभूनेच मावशींना माझ्या वॉर्डात आणलं, तोच मला सांभाळेल, असं तिने सोनियाला सांगितलं. सांगताना तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. चर्चच्या महिला सभेत, प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला ही गोष्ट चांगली, हा विचार मनात आला, आणि तो तिने झटकला नाही.

तीन दिवस तिने मावशींचं सगळं केलं. अंग पुसलं, केस विंचरले, वेळेवर गोळ्या दिल्या. गुरुवारी दुपारी पुरानी बस्तीतून मावशींची शेजारीण भेटायला आली. मावशींनी कुमुदची ओळख करून दिली; आपल्या चर्चचीच आहे, फार गुणाची. आणि मग, कुमुद सलाइन बदलत असतानाच, सहज म्हणाल्या, "हिची बहीण अजून घरीच आहे बिचारी. कुठं जमलंच नाही तिचं."

कुमुदने सलाइन लावलं, चिमटा नीट केला आणि टेबलाशी येऊन बसली. शेजारीण निघून गेली. सोनिया जेवायला खाली गेली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी बारा नंबरची बेल वाजली. मावशींना लघवीचं भांडं हवं असणार. या वेळेला रोज लागायचं.

कुमुदने डोळे मिटले. प्रभू, मले सांभाळ, ती मनात म्हणाली. आणि बसून राहिली. बेल पुन्हा वाजली. तिने हात लांबवून आवाज बंद केला. पॅनेलवर लाल दिवा तेवढा जळत होता. तो तिला दिसत होता, घड्याळही दिसत होतं. कुणी तिला धरून बसवलेलं नव्हतं. ती रजिस्टरात दुसऱ्याच पेशंटचं बीपी लिहीत राहिली.

तेवीस मिनिटांनी सोनिया वर आली, दिवा पाहिला आणि धावत आत गेली. मावशी चादर धरून स्वतःच उठायला बघत होत्या. ऑपरेशनचा पाय बेडवरून खाली लोंबत होता. सोनियाने त्यांना कमरेला धरून मागे घेतलं. खालची चादर भिजलेली होती. अजून मिनिटभर उशीर झाला असता तर त्या पडल्याच असत्या.

चादर कुमुदनेच बदलली. मावशी तिच्याकडे बघत नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला आवरत नाही गं, असं पुटपुटून त्यांनीच माफी मागितली.

"बेल खराब झाली असंल काय?" त्यांनी विचारलं.

"असंल," कुमुद म्हणाली.

सोनिया दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

संध्याकाळी घरी कुमुद चहाही न घेता बसली. ऋता वह्या तपासत होती. कुमुदने तिला सगळं सांगितलं, बेलचं खोटंही, आणि हे तिच्यासाठी केलं असंही. ऋता निदान रडेल, निदान जवळ घेईल, असं तिला वाटलं होतं. ऋताने लाल पेन बाजूला ठेवलं.

"माह्यासाठी केलं म्हणते तू?"

"तुह्यासाठीच."

"मी तर त्या बाईवर राग धरणं कधीचंच सोडलं. राग तुहा आहे, ताई. माह्या नावावर नको टाकू."

कुमुदचा चेहरा तापला. ती म्हणाली, "मी प्रार्थना केली होती. तरी त्यानं मले काहून नाही सांभाळलं?"

"सोमवारीच सोनियाले पाठवलं होतं न त्यानं. तू नाही म्हणाली," ऋता म्हणाली, आणि पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदने घडलं ते सगळं मेट्रनला लिहून दिलं. मग बारा नंबरपाशी गेली आणि उभ्यानेच सांगितलं, की बेल खराब नव्हती, आवाज तिने बंद केला होता. मावशींना आधी कळेना. काहून, त्यांनी विचारलं. कुमुदने ऋताच्या लग्नाचं सांगितलं.

मावशी बराच वेळ आठवत राहिल्या. "मी बोलली होती असं?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं कुमुदने जे जपलं, ते त्यांच्या लेखी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं एक वाक्य होतं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "सोनियाले पाठव," त्या म्हणाल्या.

कुमुदला मेमो मिळाला आणि प्लास्टर रूममध्ये बदली झाली. सभेत साक्षीची वेळ आली तेव्हा ती मान खाली घालून बसली.

मावशी घरी गेल्यावर दुसऱ्या रविवारी ऋताने दलिया केला, डबा भरला आणि ती कुमुदला म्हणाली, पुरानी बस्तीत मावशींकडे सोड. कुमुदने तिला स्कूटरवर नेलं, पण गल्लीतच थांबली. ऋता जिना चढून गेली. वरून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. कुमुदला किल्ली फिरवून निघून जावंसं वाटलं. कुणी अडवलं नसतं.

ऋता खिडकीत आली. "ताई, मावशी म्हणतात वर ये."

"खरंच म्हणतात?"

"हव. नाही म्हणू नको आता."

कुमुदने किल्ली काढली. तोंड कसं दाखवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. कठडा धरून ती जिना चढू लागली.