नववी सही

बायको गेल्याचं मला दुकानात कळलं. मी पंपाची मोटार भरत होतो, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळत होतो. मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, लगेच हॉस्पिटलात या," म्हणाली आणि पुढे बोलेना. त्यावरूनच समजलं. एकसष्ट वेढे झाले होते. तो आकडा अजून डोक्यातून जात नाही.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, मुलीनं माझ्यासमोर एक कागद ठेवला. ती शाळेच्या गाईड पथकात जाणार होती. कागदावर वर लिहिलं होतं, 'नवीन सदस्यांकडून अपेक्षा'. खाली नऊ ओळी. गणवेश स्वतः धुणे, सहा गाठी मारता येणे, जखमेला पट्टी बांधणे, असं. प्रत्येक ओळीपुढे घरच्यांची सही. आठ सह्या तिच्या आईच्या होत्या. नववी ओळ होती, 'रोज एक चांगलं काम करणे, कुणालाही न सांगता.' तिथली जागा रिकामी.

"रविवारी शपथ आहे. इथे सही कर, बाबा."

"काय काम करतेस?"

"सांगितलं तर ते धरत नाहीत."

"मग मी कशावर सही करू? चालवून न बघता गिऱ्हाइकाला मोटार देतो का मी?"

"आई म्हणाली होती, मला दिसेल तेव्हा करीन."

"मग मलाही दिसू दे."

"तुला? तुला समोरची मिठाची बरणी दिसत नाही."

हे तिच्या आईचंच बोलणं होतं. आम्ही दोघंही हसलो नाही.

मी पथकाच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "बघितलं असेल तर सही करा. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा शपथ आहेच. पण त्या आठ सह्यांचा कागद तिनं हॉस्पिटलातही, आईच्या सहीसाठी, नेला होता हो."

खोटी सही करवेना. मी लक्ष ठेवलं. भांडी ती घासायची, पण आवाज करत, मला ऐकू येईल अशी. ते काही गुपचूप नव्हतं. शेजारच्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "मुलगी गुणी आहे, तुम्हीच जरा चक्रम झालाय." असा बुधवार गेला. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

गुरुवारी संध्याकाळी मी खुर्चीत बसल्या बसल्याच झोपलो, चष्मा डोळ्यांवर ठेवून. शुक्रवारी दुकानात सगळं धुरकट दिसायला लागलं. तारेचा नंबर वाचताना चूक झाली, जाड तार भरली, ती पूर्ण उपसावी लागली. चष्मा काढून बघितला तर काचांवर वॉर्निशचे शिंतोडे. मोटारीला वॉर्निश मारताना ते रोजच उडतात. पण सकाळी मला ते कधी दिसले नव्हते. लग्नाच्या पंधरा वर्षांत एकदाही नाही. मी स्वतः चष्मा पुसल्याचं मला आठवेना.

त्या दिवशी घरी आल्यावर चष्मा नेहमीसारखा फळीवर ठेवला. शनिवारी सकाळी लवकर जाग आली, पण पडून राहिलो. मुलगी अनवाणी आली. आईच्या शिवणाच्या डब्यातून तिनं पिवळा कपडा काढला, काचांवर फुंकर मारली आणि पुसायला लागली. एक डाग निघेना, तर जीभ दातांत धरून पुसत राहिली. मग चष्मा होता तसा ठेवून गेली.

मी उठून डबा उघडला. कपड्यावर वॉर्निशचे तपकिरी डाग होते. काही ताजे. बाकीचे इतके जुने की धुतल्यानंही गेले नव्हते, कपडा तिथे विरला होता.

नाश्त्याच्या वेळी मी सही केली.

"काय दिसलं तुला?" तिनं विचारलं.

"ते सांगायचं नाही ना?"

तिनं माझ्या चष्म्याकडे एकदा बघितलं आणि कागद दप्तरात ठेवला.

काल तिची शपथ झाली. तिचे आभार मानावेत तर तिचं काम मोडतं. तिच्या आईचे मानायला हवे होते, तेव्हा मला माहीतच नव्हतं. दोघींचेही आभार मानायचे राहिले आहेत.