सात नंबरचा हँडओव्हर

दुपारी मॅडमचा फोन आला. माझी मुलगी हॉस्पिटलात डॉक्टर आहे; मॅडम म्हणजे तिच्या वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर. "काका, तिला मी मुद्दाम घरी पाठवलंय. सकाळी पेशंटची माहिती सोपवताना, हँडओव्हरला, तिने सात नंबरच्या पेशंटची म्हणून स्वतःच्या आईची औषधं सांगितली."

सात नंबरच्या खाटेवर माझी बायको होती. तिला जाऊन एकवीस दिवस झाले. आता तिथे दुसऱ्याच बाई आहेत. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

"मनाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी तिला वॉर्डात घेणार नाही. माझं ऐकत नाही, तुम्ही सांगा."

असल्या गोष्टी आमच्या घरात बायको सांगायची.

मुलगी आली ती थेट ओट्याकडे. घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. नात मागोमाग.

"आई, घसा दुखतोय."

मुलीने हात पुसून टॉर्च मारून पाहिलं. "काही झालं नाहीये."

"मग पोट दुखतंय."

पोर पाच वर्षांची. दुखतंय म्हटलं की आई जवळ येते, एवढं तिला कळलंय. मी तिला खेळायला पाठवलं.

"मॅडमचा फोन आला होता."

"चूक झाली. कुणाची होत नाही?"

"दाखवून ये म्हणतात."

"म्हणजे उद्या पेशंट मला तपासणार!"

"ताप आला असता तर गेली असतीस की."

"बाबा, डॉक्टरकी तुम्ही नका शिकवू."

मग स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. पूर्वी ड्यूटीला जाण्याआधी मायलेकी पाच मिनिटं प्रार्थनेला बसायच्या. मी तेवढ्यात पेपर वाचून घ्यायचो. बायको गेल्यापासून मुलगी बसलेली नाही. मला वाटलं, वेळ मिळत नसेल.

"आई गेली तेव्हा मी कुठे होते, माहितीय?" ती एकदम म्हणाली.

"दुसऱ्या पेशंटकडे. तूच म्हणालीस."

"खोटं बोलले. हॉस्पिटलच्या प्रार्थनेच्या खोलीत होते. दहा मिनिटं, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवून तिच्याजवळ बसायला हवं होतं."

देवाबद्दल मला काही बोलता येईना. पण मी चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. पाळी संपली की काय तापलंय, काय सैल झालंय, ते पुढच्या माणसाला सांगायचं, मगच गेटबाहेर पडायचं. ही बाहेर पडलीच नव्हती.

"सात नंबरचा हँडओव्हर मला दे," मी म्हणालो. "मॅडमना देतेस तसा."

"बाबा, काहीतरीच तुमचं."

"दे."

हातात घासणी तशीच. तिने वय सांगितलं, कधी दाखल केलं ते, कुठलं औषध किती वाजता. मला निम्मं कळलं नाही. मी हं हं करत राहिलो.

"साडेचारला पेशंट..." ती थांबली. "साडेचारला आई गेली. मी तिथे नव्हते."

"बरं. घेतलं मी. आता ती माझ्याकडे."

ती खाली फरशीवर बसली आणि एकवीस दिवसांत पहिल्यांदा रडली. मीही रडलो.

पण अर्ध्या तासात उठून पुन्हा फेऱ्या. फिरता फिरताच मॅडमना फोन लावला. आधी विचारलं, "त्या बाईंना चुकीचं काही गेलं नाही ना?" मग, "उद्या कुठे जायचं?" पत्ता हातावर लिहून घेतला.

"तुम्ही चला बरोबर. पण आत यायचं नाही."

"नाही येणार."

"आणि सकाळी मला प्रार्थनेला बस म्हणू नका."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.