वाटाड्याने केलेला साचा

जानराव गावंड्यांनी उभी हयात लोकांना वाटेला लावण्यात घालवली. अकोल्याच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. 'अमरावतीची गाडी लागली आहे' असं भोंग्यातून सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा. आणि एकुलती एक लेक त्याच अमरावतीला दिलेली असताना हा माणूस तिच्याकडे एकदाही गेला नव्हता. दिलेली तरी कशाला म्हणायचं? ती आपल्या मर्जीने गेली होती, हेच तर जानरावांचं दुखणं होतं.

रागिणीने परजातीतल्या कुलदीपशी लग्न केलं तेव्हा 'तू आमाले मेली' असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. संतापात माणूस बोलतो, मग निवळतो. हे निवळले नाहीत. बायको रुख्मिणी गेली तेव्हा लेकीला कळवायचं नाही, अशी त्यांनी साऱ्या भाऊबंदांना ताकीद दिली. रागिणीला कळलं तेव्हा तेरवीचा दिवस उजाडला होता. ती धावत आली, तर बाप उंबऱ्यात आडवा उभा. ती भांडली नाही. "बाबा, मायचं तोंडबी नाई पाहू देल्लं तुमी," एवढं बोलली आणि परतीच्या गाडीला गेली. असा बाप वैऱ्यालाही मिळू नये.

पुढे रिकामं घर जानरावांना खायला उठलं. एकदा गाविलगडाची माहिती शोधताना ते इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात शिरले. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, असा तो ज्ञानकोश. गाविलगडाच्या लढाईवरचा लेख कोणीतरी जीव ओतून लिहिला होता. त्यांनी लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं आणि हातातला चहा सांडला. नाव होतं 'रुख्मिणीची लेक'. तिच्या पानावर लिहिलं होतं, जन्म अकोल्याचा, मुक्काम अमरावती.

बाप म्हणून तिच्यापुढे जायला तोंड नव्हतं, पण तिच्या आसपास राहायचं होतं. त्यांनी 'वाटाड्या' या नावाने खातं उघडलं आणि आपल्याला जमेल ते काम धरलं. लढायांच्या लेखांच्या तळाशी एक चौकट असते. त्या विषयावरच्या साऱ्या लेखांची नावं तिच्यात ओळीने मांडलेली असतात, ज्या नावावर बोट ठेवाल त्या पानावर जाता. तिला साचा म्हणतात. बसस्टँडवरचा गाड्यांचा फलकच म्हणा ना. हा साचा एकाच जागी लिहायचा, की जोडलेल्या सगळ्या पानांखाली तो आपोआप दिसतो. लेख तयार असेल ते नाव निळं, राहिला असेल ते लाल. जानरावांनी 'वऱ्हाडातील लढाया' असा साचा रचला. बाळापूर, साखरखेर्डा, अडगाव, गाविलगड, आणि मधेमधे कितीतरी लाल नावं.

ती लाल नावं रागिणी एकेक करून निळी करू लागली. रोज सकाळी जानराव चहा घेऊन बसायचे आणि आज कुठलं नाव निळं झालं ते पाहायचे. एखादं झालं असलं, की लेक बरी आहे, हातीपायी धड आहे, असं समजून त्यांना घास गोड लागायचा. चर्चेच्या पानावर दोघं परक्यासारखे, फार अदबीने बोलायचे. 'आपण साचा फार नेटका केलात,' असं तिने लिहिलं तेव्हा जन्मात पहिल्यांदा लेकीने शाबासकी दिल्यासारखं त्यांना झालं. पुढे कधीतरी तिने विचारलं, 'आपण कुठले?'

'अकोल्याचा.'

'माझं माहेरही अकोल्याचं. आता नाही म्हणा. पण तिथलं कोणी असं आपुलकीने बोललं की बरं वाटतं.'

त्या दिवशी जानराव जेवले नाहीत.

हे सारं ठाऊक होतं ते फक्त इनायतुल्लाला. तो एसटीतलाच जुना चालक. "अबे जानराव, जिंदगीभर लोकायले अमरावतीच्या गाडीत बसवलं तू," तो म्हणायचा, "एखांद्या रोजी खुद बस ना!"

"कोन्त्या तोंडानं बसू?"

"हायेच ते एक थोबाड. तेच घेऊन जा."

मग दिवाळीनंतर तिचा निरोप आला. 'गडाचे फोटो काढायला आम्ही चिखलदऱ्याला जातोय. आपणही यावं. इतकं सोबत काम केलं, एकदा भेटायला हवं.'

आता खोटं चालणार नव्हतं. गडावर वाटाड्या म्हणून कोणाला उभं करणार? खरं सांगितलं तर ती तुटेल, न सांगितलं तरी तुटेल. दोन दिवस विचार करून जानरावांनी उत्तर लिहायला घेतलं. ज्ञानकोशात सरावासाठी वेगळं पान असतं, त्याला धूळपाटी म्हणतात. तिथे आधी लिहून पाहू, नीट जमलं तर कागदावर उतरवून पोस्टाने पाठवू, असं त्यांनी ठरवलं. साचाही शेजारीच उघडा होता, सकाळीच त्यात एक नाव घातलं होतं. 'रागू, वाटाड्या कोणी नाही, तुझा बाप आहे. तुले मायचं तोंड पाहू देलं नाही मी. माफ नको करू, पण एकदा घरी ये.' डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं.

धूळपाटी कोरीच राहिली. ते सगळं साच्यात लिहिलं गेलं होतं.

बाळापूरच्या पानाखाली तेच, साखरखेर्ड्याच्या पानाखाली तेच. तिने लिहिलेल्या एकूण एक लढाईखाली बापाचं रडगाणं गावभर टांगलं गेलं. हे उलटवायचं कसं ते जानरावांना येत होतं, पण ते एकेक पान उघडून आपलंच लिहिलेलं पाहत राहिले. जरा वेळाने पाहिलं तर मजकूर गायब. कोणी काढला ते नोंदीत होतं, रुख्मिणीची लेक. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'असंबद्ध मजकूर काढला.' त्यांच्या चर्चापानावर नवख्यांना देतात ती ठरीव सूचना चिकटवलेली होती. 'नमस्कार वाटाड्या. साच्यात खासगी मजकूर लिहू नये. सरावासाठी धूळपाटी वापरावी. धन्यवाद.'

त्यानंतर एकही लाल नाव निळं झालं नाही. पंधरवडा वाट पाहून एका सकाळी इनायतुल्लाने त्यांना धरूनच नेलं आणि अमरावतीच्या गाडीत बसवलं.

कुलदीपचं मोटारपंपांचं दुकान राजापेठेत, घर वरच्या मजल्यावर. जावयाने पाहताच खुर्ची सरकवली, पाणी दिलं आणि वर हाक मारली. रागिणी जिना उतरून आली. चेहरा हुबेहूब रुख्मिणीचा झाला होता, आणि तिने बापाला उंबऱ्यावर अडवलं नाही.

"रागू, चुकलं माहं," जानराव म्हणाले. "सरावाच्या पानावर लिवत होतो, भलतीकडंच गेलं."

"तुमच्यावर राग होता, तो जुना होता," रागिणी म्हणाली. "त्याची मले सवय झाली होती बाबा. पण त्या वाटाड्याले मी सगळं सांगत होती. वाटे, अकोल्यात आपलं एक तरी मानूस हाय. पयले माय नेली तुमी. आता तोबी नेला."

ती रडत होती. जानरावांनी हात पुढे केला, पण तिने तो धरला नाही. वाटाड्याचा असता तर धरला असता. कुलदीपने त्यांना स्टँडवर सोडलं. अकोल्याची गाडी लागलीच होती.