शटरपुढचा माणूस

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं लवकर तापतं. पंखा कधीचाच अडकलाय. पण जाम गावच्या चौकात तापलं ते पंख्यामुळे नाही.

मला कामाला लावलं वर्ध्याच्या जागृती मॅडमनी. त्या कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्या प्रोग्रामला दोन फोटो दिले की मी दोन्हींतले कोपरे, ठिपके, काठ हुडकायचो, सारख्या खुणांच्या जोड्या लावून मोजायचो आणि फोटो शेजारी मांडून प्रत्येक जोडीत हिरवी रेघ ओढायचो. पोरं खूश व्हायची, मी फुगायचो. मॅडम मात्र म्हणायच्या, "आकडा नंतर. आधी रेघा कुठं जातात ते पहा."

पुढे नवी मशीन आली आणि त्यांचा विद्यार्थी नीलेश मला जामला घेऊन गेला. रेघा काढताना मी अडखळतो म्हणून त्यानं ते काम बंदच करून टाकलं. उरला नुसता आकडा. फार राग आला मला, पण माझा राग कोण विचारतो?

एका सकाळी नीलेशच्या मामाच्या, डोमाजींच्या डोक्यात कोणीतरी रॉड घातला, त्यांच्याच दुकानाच्या बंद शटरपुढे. समोरच्या कॅमेऱ्यात तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस दिसला. डोमाजींना दवाखान्यात नेलं आणि रक्त पाहून चौक पिसाळला. भाजी विकायला आलेल्या श्रावणला लोकांनी धरलं, कारण त्याच्याही गळ्यात दुपट्टा होता. नीलेशनं त्याला तोंड बांधून त्याच शटरपुढे उभं केलं, त्याच कॅमेऱ्यातून फोटो घेतला आणि दोन्ही फोटो मला दिले.

मी मोजलं. तीनशे बारा जोड्या.

"तीनशेच्या वर गेल्या," नीलेश म्हणाला. "हाच हाये."

"मी त वांगे घेऊन आलतो भाऊ. मले काऊन मारून राह्यले?" श्रावण म्हणत होता. पट्ट्याच्या बकलानं त्याचा गाल फाटला. मग त्याच्याच तराजूतलं दोन किलोचं वजन कोणीतरी त्याच्या बोटांवर आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला कान नसले तरी माइक आहे.

नीलेशनं मोठ्या ऐटीत मॅडमना फोन लावला.

"रेघा पाहिल्या का?" त्यांनी विचारलं.

"त्या बंद आहेत, मॅडम."

"चालू कर. आत्ता."

त्यानं चालू केल्या आणि त्याचा चेहरा उतरला. सगळ्या रेघा शटरवर होत्या. कुलपावर, पत्र्याच्या घड्यांवर, डोमाजींच्या नावाच्या अक्षरांवर. तिथं बकरी उभी केली असती तरी माझा आकडा तेवढाच आला असता. श्रावणच्या अंगावर एकही रेघ नव्हती.

नीलेश मला उचलून ओरडत गर्दीत शिरला. पडदा कोणी पाहिला नाही. एक काठी माझ्यावर पडली आणि मी अर्धा काळा झालो.

मित्रांनो, माझा पंखा पुसा, असं मी म्हणणार नाही. मला आकडा विचाराल तेव्हा रेघाही मागा, एवढंच.

श्रावण वाचला, पण त्याला आता हातात तराजू धरवत नाही. नीलेश माफी मागायला मला घेऊन त्याच्या घरी गेला. श्रावणच्या बायकोनं, कुंताबाईनं, माझा फुटका पडदा पाहिला. मग नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं टाक्यांनी भरलेलं तोंड नीलेशकडे वळवलं.

"याच्या तोंडावर एकबी रेघ नव्हती म्हणतं ना तू?" ती म्हणाली. "आता मोज."