अपुरा पत्ता आणि माझे तीन घाव

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. चिव्याच्या बांबूची, धनगराच्या हातातली. सध्या उमरग्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात, जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत कोपऱ्याला उभी आहे. गळ्यात चिठ्ठी बांधली आहे. अंगावर रक्त वाळलंय आणि ते लांडग्याचं नाही. आधीच सांगते, माझी गोष्ट गोड नाही. ऐकायची तर नीट ऐका.

भूमच्या बाजूला एका ओढ्याकाठी आमचं बांबूचं बेट होतं. महारुद्र धनगरानं मला तिथून तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, महिनाभर तेल पाजलं आणि बाजारच्या दिवशी लोहाराकडून बुडाला लोखंडी शेंबी बसवून घेतली. पहिल्याच वर्षी मी एक फुरसं ठेचलं. पुढच्या वर्षी मेंढ्यांच्या वाड्यात लांडगा शिरला. जाळी फाडून त्यानं कोकराची मान धरली होती. महारुद्रानं मला त्याच्या जबड्यावर घातलं, आणि हाड मोडलेलं मला आतपर्यंत कळलं. लोक म्हणाले, काठी असावी तर अशी. मी फुगले. खोटं कशाला बोलू, मला मारायला आवडायचं.

म्हातारा थकला आणि मी त्याच्या मुलाच्या, धनाजीच्या हाती आले. धनाजी मनानं चांगला, पण डोकं तापलं की बापाचंही ऐकायचा नाही. दिवाळी झाली की तो, त्याची बायको हरणाबाई आणि दीडदोनशे मेंढ्या भूमहून उमरग्याकडं निघायच्या. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. आज या रानात वाडा, चार दिवसांनी त्या रानात. मुलगी शिवकन्या भूमला वसतिगृहात राहून दहावीला शिकत होती.

यंदा तिनं शाळेत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून बापासाठी लांब उजेडाची बॅटरी मोबाईलवरून मागवली. अंधारात नुसत्या काठीच्या भरवशावर लांडग्यापुढं जाऊ नका, असं तिनं बजावलं. मला जरा झोंबलंच. पत्त्यात तिनं लिहिलं, धनाजीचा वाडा, महालिंगप्पांचं शेत, तालुका उमरगा. वाडा तेव्हा त्या शेतकऱ्याच्या रानात बसला होता, दुसरं काय लिहिणार पोर?

दोन दिवसांनी धनाजीला मेसेज आला. तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता अपुरा आहे, बारा तासांत खालची लिंक उघडून पत्ता दुरुस्त करा आणि पाच रुपये भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. असे मेसेज चोर एकाच वेळी हजारोंना धाडतात. पक्क्या घरात राहणाऱ्या एखाद्यानं म्हटलं असतं, माझा पत्ता तर पुरा आहे, आणि मेसेज पुसून टाकला असता. आमचा धनाजी फसला तो इथंच. त्या खोट्या मेसेजमधली तेवढी एकच गोष्ट त्याच्यापुरती खरी होती.

"त्येंचं बराबर हाय की," तो हरणाबाईला म्हणाला. "आपल्याला पत्ता हाय कुठं?"

पोरीला एकदा फोन करा, असं ती म्हणत होती. पाच रुपयांसाठी पोरीची शाळा कशाला मोडायची, म्हणून त्यानं लिंक दाबली. एटीएम कार्डावरचे आकडे भरले. मग ओटीपी आला, तोही भरला. खात्यातून किती पैसे जाणार ते त्याच मेसेजमध्ये इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण त्यानं नुसते सहा आकडे बघितले. वीस मेंढे विकून ठेवलेले पैसे उभ्या उभ्या गेले.

तेव्हाच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरला फोन लावला असता, तर कदाचित पैसे वाटेत अडवता आले असते. पण धनाजीला लाज वाटली. लोक हसतील, म्हणून त्यानं हरणाबाईलाही शपथ घातली. तीन दिवस मला घेऊन बाभळीच्या खोडावर आपटत राहायचा. साल निघाली, मला चीर पडली, तरी थांबायचा नाही. एका मेंढीचा पायही त्यानं त्या रागात मोडला.

चौथ्या दिवशी दुपारी एक मोटारसायकल बांधाला लागली. योगीराज नावाचा तरुण, उमरग्यात पार्सल पोचवायचं काम करणारा. डोकं उघडं, काखेत खोकं. धनाजी कोण, असं विचारून त्यानं खोकं पुढं केलं.

"मामा, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला आसंल. तेवढा सांगा."

तो एक शब्द ऐकला आणि धनाजीचं भान गेलं. पहिला घाव मनगटावर बसला आणि मनगट कोवळ्या फांदीसारखं मोडलं. दुसरा बरगडीवर. तिसऱ्याला हरणाबाई आडवी आली. तिच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या, तरी मी तिच्या हातावरून घसरून त्याच्या कपाळावर बसलेच. हाड मोडलेलं पुन्हा मला कळलं. या वेळी मी फुगले नाही.

"पत्ता न्हवता," योगीराज मातीत पडून म्हणाला. "दोन दिस वाडा हुडकतोय, मामा."

फुटलेल्या खोक्यातून शिवकन्येची बॅटरी बाहेर आली. धनाजीनं मला टाकलं आणि तो तिथंच खाली बसला. महालिंगप्पांनी जखमीला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि पोलिसांनी धनाजीला आणि मला. हरणाबाई तीन दिवस दवाखान्याच्या दारात बसून होती. पोरगा वाचला. पण त्याचा उजवा हात आता वळत नाही आणि मोटारसायकल चालवता येत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! खऱ्या चोराला मी एक फटकासुद्धा मारू शकले नाही. तो कुठं बसलाय, तेही कुणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, लांडगा घाई करतो, राखणदार करत नाही. बारा तास, आजच, आत्ताच, असं कुणी म्हटलं की हात आवरा. मेसेजमधली एक गोष्ट खरी निघाली म्हणून सगळा मेसेज खरा मानू नका. लिंकवर कार्डाचे आकडे देऊ नका, आणि ओटीपी कशासाठी आलाय ते आधी पुरतं वाचा. पत्ता खरंच अपुरा असेल तर पार्सलवाला योगीराजसारखा विचारत विचारत येतो. आणि फसलात तर लपवू नका, घरात सांगा. लपवलेला राग कुणाच्या डोक्यात बसेल, सांगता येत नाही. हे मी सांगते, मी बसले आहे.

परवा हरणाबाई ठाण्यात आली होती. मनगटावर व्रण, हातात बाभळीची नवी काठी. मेंढ्या आता एकटीच राखते. शिवकन्या बापाला पत्रं लिहिते, पाकिटावर कारागृहाचं नाव, बापाचा कैदी नंबर, जिल्हा, पिनकोड, सगळं नीट घालते. पत्र पोचतं का, असं हवालदारानं विचारलं.

"पोचतंय की, साहेब," ती म्हणाली. "आता त्येंला पुरा पत्ता हाय."