आई आणि मावशी एकाच गठ्ठ्यात

ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबांची वक्रदृष्टी घरातल्या फोटोंवर पडली. तीन जुने मोबाइल, दोन कॅमेरे, धापा टाकणारा लॅपटॉप आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली मेमरी कार्डं उपसल्यावर एकतीस हजार फोटो नि चारेक हजार व्हिडिओ क्लिप्स निघाल्या. "पुस्तकं असती तर महिन्यात लावली असती," म्हणत बाबा सॉफ्टवेअर निवडायला बसले.

पहिलं सॉफ्टवेअर फोटो झकास लावायचं, पण क्लिप्सना ओळखच दाखवेना. मी ऐटीत सायकलवर बसलेय तो फोटो एकीकडे, नि त्याच सायकलवरून कुंपणात घुसले ती क्लिप भलतीकडे. बाबांनी त्याला दोन दिवसांत नारळ दिला.

दुसऱ्यात दोन्ही एकत्र यायची, पण तारखेनुसार. एका कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्यापासून बिघडलेलं. त्यामुळे माझं लग्न माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी उरकलं.

"बरं झालं, एक काळजी मिटली," आई म्हणाली.

तिसरं चेहरे ओळखायचं. फोटो असो की क्लिप, एकेका माणसाचा वेगळा गठ्ठा करायचं. शंका आली की विचारायचं, 'ही तीच व्यक्ती आहे का?' पहिले पन्नास प्रश्न बाबांनी चष्मा पुसून पुसून सोडवले. मग कंटाळून सरसकट 'हो' दाबत सुटले.

संध्याकाळी आईने स्वतःचा गठ्ठा उघडला. निम्म्या फोटोंत मावशी होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. माझ्या लग्नात आईच्या नव्या साडीकडे बघून ती म्हणाली होती, "पडदा म्हणून खिडकीला छान दिसली असती." तेव्हापासून नऊ वर्षं दोघींचा अबोला.

"अहो, ही मी आहे?"

"मशीन म्हणतंय तसं."

"मशीनने नाही, तुम्ही संसार केलात माझ्याशी!"

बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. आईचा राग कुठे तरी निघायला हवा होता. तिने फोन उचलला नि थेट मावशीला लावला.

"तुझ्या भावजींनी तुला नि मला एक करून टाकलंय."

पलीकडून मावशी कडाडली, "काहीतरीच! तुझं नाक कुठे, माझं नाक कुठे!"

"तेच सांगतेय मी त्यांना!"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी नाक वेगळं काढायला जातीने हजर. दोघी खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसल्या.

"ही तू."

"मी एवढी जाड कधी होते? ही तूच."

तासाभराने एक क्लिप आली. चौदा सेकंदांची. अर्धवट पाठमोऱ्या दोन बायका, एक दुसरीची वेणी घालतेय, दोघी कशाला तरी खदखदून हसताहेत. कुठली कोण, सांगता येईना. सात वेळा पाहिली. आठव्या वेळी मावशीने डोळे पुसले आणि आईने तिच्यापुढे रुमाल धरला.

"भावजी, ही कुणाच्या गठ्ठ्यात?"

"दोन्हीकडे," बाबा म्हणाले. "दोन विषयांत बसणाऱ्या पुस्तकाची वाचनालयात दोन कार्डं करायचो आम्ही. हे सॉफ्टवेअर तेवढं करतं."

तेच ठेवायचं ठरलं. आता मावशी दर गुरुवारी येते. साठेक फोटो लावून होतात, बाकी वेळ भांडणात जातो. या वेगाने अकरा वर्षं लागतील, असं बाबा सांगतात. दोघी ऐकून न ऐकल्यासारखं करतात.