चहाच्या थेंबाची विहीर

मित्रांनो, फणसवाडीच्या तोंडाशी तात्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात, डिंकाच्या बाटलीशेजारी, एक पिवळट पडलेली पेटी दिसते. तोच मी, तात्यांचा जुना स्कॅनर. एरवी मी सावकाश बोलणारा. माझा दिवासुद्धा काचेखालून सावकाशच सरकतो. पण आज मला धीर धरवत नाही. माझ्या काचेवरच्या एका थेंबाने अख्ख्या वाडीला घोळात घातलं आणि मला सगळं ठाऊक असून गप्प बसावं लागलं. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा तात्यांनी माझ्या काचेवर हळदकुंकू वाहिलं आणि लगेच ओल्या फडक्याने पुसलंही, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे. तेव्हा ते मला रोज पुसत. काय दिवस होते ते! दहावीचा निकाल लागला की दुकानाबाहेर रांग लागायची. गुणपत्रिका, रेशनकार्डं, पत्रिका, हरवलेल्या माणसांचे फोटो, सगळं माझ्या काचेवर पालथं पडायचं. मी जे पाहतो ते जसंच्या तसं सांगतो, ना कमी ना जास्त. माझा स्वभावच तसा. तात्या गिऱ्हाइकांना अभिमानाने म्हणत, "हा खोटं बोलत नाही."

मग मोबाइल आले. जो तो उभ्या उभ्या कागदाचा फोटो काढू लागला. माझ्या झाकणाची बिजागरी तुटली, ती कोणी बसवली नाही. झाकण कपाटावर गेलं आणि माझ्या उघड्या काचेवर तात्यांचा चहाचा ग्लास येऊन बसू लागला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण तक्रार कोणाकडे करणार?

आणि तशातच या फेब्रुवारीत मला पुन्हा काम मिळालं.

आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात नवी इमारत उभी राहणार आहे. त्या अंगणात पूर्वी एक विहीर होती. साठेक वर्षांपूर्वी तिच्यावर फरश्या घालून ती बंद केली. नेमकी कुठे, हे खात्रीने सांगणारं कोणी उरलं नाही. काम पाहणारा इंजिनियर अजित भला माणूस. तो म्हणाला, विहीर सापडली तर पायाचे खांब थोडे सरकवून ती उघडी ठेवता येईल. पण सोमवारी काँक्रीट पडणार. त्याआधी शनिवारी एकच खड्डा खणून देतो, जागा तुम्ही दाखवा.

या विहिरीसाठी सगळ्यात जास्त जीव तुटत होता तो पहिल्या मजल्यावरच्या ग्रेसी बाप्टिस्ट यांचा. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. नवरीची आंघोळ त्या पाण्याने होते. ग्रेसीबाईंच्या स्वतःच्या लग्नात नळाखालच्या बालदीभोवती बाजा वाजवावा लागला होता. आता त्यांची भाची सॅशा हिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. निदान तिला तरी वाडीचं पाणी मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तात्यांच्या वडिलांनी मोजणी खात्यात नोकरीला असताना वाडीच्या जुन्या मोजणी नकाशाची एक प्रत करून घेतली होती. ती पत्र्याच्या नळकांड्यात होती. तात्यांची नात मनवा नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात काम करते. तिने नळकांडं उघडलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हाच चालेल."

मित्रांनो, माझा दिवा त्या दिवशी नव्यासारखा पेटला! नकाशा मोठा, मी लहान. म्हणून तिने तो चार तुकड्यांत माझ्या काचेवर ठेवला. मग संगणकावर तिने ते तुकडे जोडले, आणि अजितच्या ड्रोनने वरून काढलेल्या आजच्या फोटोवर तो नकाशा बसवला. चाळीचे चार कोपरे, रस्त्याचं वळण, समोरच्या गोदामाची भिंत, जे तेव्हाही होतं आणि आजही आहे, ते ते एकमेकांवर टेकवायचं. बाकीचं आपोआप जागेवर येतं. जुन्या नकाशात विहीर म्हणजे एक छोटं वर्तुळ. संगणकाला तिने वर्तुळं शोधायला शिकवलं होतं. गडद वर्तुळ आधी धरायचं आणि फिकटाला डाग समजून सोडून द्यायचं, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं.

त्याने चार वर्तुळं शोधली. तीन वाडीबाहेर पडली. चौथं मात्र बरोबर आमच्या अंगणात, औदुंबराच्या बुंध्याशी! तात्या खुर्चीतून उठलेच. विहीर बंद झाली तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि ती औदुंबराखाली होती, असं ते पहिल्यापासून सांगत होते. ग्रेसीबाईंनी हळूच म्हणून पाहिलं की त्यांची आई जिन्याजवळ सांगायची. पण तात्या म्हणाले, आता यंत्रच सांगतंय, वाद कशाला? मनवालाही आनंदाच्या भरात बाकीच्या तीन वर्तुळांचा विचार सुचला नाही. शेजाऱ्यांच्या बुजवलेल्या विहिरी असतील म्हणून तिने त्या सोडून दिल्या.

आणि मी? मी आतल्या आत ओरडत होतो. ते वर्तुळ नकाशात नव्हतंच. ते माझ्या काचेवर होतं! तात्यांच्या ग्लासातून सांडलेला चहाचा एक थेंब वाळला होता. थेंब वाळला की मध्ये पुसट होतो आणि कडेला तपकिरी कडं उरतं, हरभऱ्याएवढं, गोल, सुबक. चारही तुकड्यांवर ते एकाच ठिकाणी उमटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या तर दिव्याच्या डोक्यावर अंधार होता. आयुष्यभर खोटं बोललो नाही आणि आता माझ्याच तोंडून विहिरीएवढं खोटं गेलं होतं.

शनिवार उजाडला. खड्डा अकराला खणायचा होता. दहा वाजता ग्रेसीबाई आदल्या रात्रीच ट्रंकेत सापडलेला एक छोटासा जुना फोटो घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या रोझीमावशीच्या लग्नाचा तो फोटो होता. विहिरीशी बायका उभ्या, मध्ये नवरी, मागे जिन्याची पायरी आणि पहिल्या मजल्याचा कठडा. सॅशाच्या मांडवात लावायला तो मोठा करून हवा होता. मनवाने तो माझ्या काचेवर ठेवला. मित्रांनो, मला देव आठवला. मी दिवा सरकवला आणि जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं.

मोठा केलेला फोटो बाहेर आला. ग्रेसीबाईंनी चष्मा सारखा केला. रोझीमावशीच्या डोक्याभोवती गोल तपकिरी कडं होतं, थेट चर्चमधल्या संतांना असतं तसं.

"मनवा बाय," ग्रेसीबाई म्हणाल्या, "आमची रोझीमावशी भली होती. पण एवढी नव्हती गो."

मनवा हसली. मग हसता हसता थांबली. तिने फुटपट्टी घेतली. काचेच्या कडेपासून ते कडं मोजलं, नकाशाच्या चारही तुकड्यांवर मोजलं. पाचही ठिकाणी माप तेच! तिने काचेवर बोट फिरवलं, वास घेतला आणि आजोबांकडे वळली.

"तात्या, ही विहीर नाहीये. हा तुमचा चहा आहे."

एवढं बोलून ती पळतच अंगणात गेली. औदुंबराखाली गड्यांनी दोन फरश्या उखडल्याही होत्या. तिने अजितकडे अर्धा तास मागितला. घड्याळाकडे बघत त्याने तो दिला.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. तिने माझी काच पुसली. किती दिवसांनी! तुकडे पुन्हा माझ्यासमोर आले. या वेळी वाट अडवायला गडद वर्तुळ नव्हतं. मग तिने संगणकाला फिकट खुणाही तपासायला सांगितलं, आणि नकाशाच्या घडीवर, जिथे शाई झिजली होती, तिथे एक अगदी पुसट वर्तुळ सापडलं. जिन्याच्या पायथ्यापासून सहा हातांवर!

पण एकदा चटका बसलेली मनवा एवढ्यावर विश्वास ठेवणार नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने रोझीमावशीचा फोटो पुन्हा स्कॅन केला. फोटोतला कठडा आणि पायरी आजही जागच्या जागी आहेत. कठड्याचे खांब फोटोत किती जवळ दिसतात, कुठला कशाआड जातो, त्यावरून फोटो काढणारा कुठे उभा होता ते संगणकाने काढलं, आणि त्यावरून विहीर. नकाशाचं उत्तर आणि फोटोचं उत्तर यांत वीतभरही फरक नव्हता.

तात्या एकटक पडद्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांची आठवण अशी एका मिनिटात खोटी ठरली की माणूस लहान होतो. मला त्यांची फार दया आली. पण ते उठले, ग्रेसीबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रेसी, तुझ्या आईचं बरोबर होतं. मी तुला बोलू दिलं नाही. चुकलो मी." ग्रेसीबाईंनी नुसता त्यांचा हात धरला. दोघं तसेच मागे अंगणात गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. कुदळीचे घाव ऐकू येत होते. बराच वेळ नुसती भदभद माती. मग एकाएकी टणक आवाज झाला. दगड! पहारीने ती फरशी सरकवल्याची खरखर आली. त्यानंतर खोलातून डुबुक असा बारीक आवाज आला. कोणीतरी खडा टाकला होता. आणि मग असा गलका उठला की दुकानातल्या काचा थरथरल्या. मीही थरथरलो.

गेल्या शनिवारी सॅशाचं उंबराचं पाणी झालं. गाळ उपसून विहीर स्वच्छ केली होती. बाजा दुकानावरून गेला, परत आला. ग्रेसीबाई कळशी कमरेवर घेऊन, निथळत्या हातांनी दुकानात शिरल्या. त्यांना मला वाडीचं पाणी दाखवायचं होतं म्हणे! त्या माझ्यावर हात ठेवणार, इतक्यात तात्या चटकन पुढे झाले. आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी आधी ग्रेसीबाईंचे हात पुसले.

"सांभाळून, ग्रेसी," ते म्हणाले, "काच आहे."

मित्रांनो, माझी बिजागरीही आता बसली आहे. तात्यांचा ग्लास खिडकीत गेला आणि संत रोझीमावशींचा तो फोटो भिंतीवर लागला. माझं मागणं थोडकंच आहे. आम्ही यंत्रं पाहतो तेच सांगतो. आमच्या डोळ्यावर डाग असेल तर डागही खरा म्हणून सांगतो. तेव्हा आमच्यावर विश्वास जरूर ठेवा. पण त्याआधी आम्हाला एकदा पुसा, आणि पुसताना शेजारी कोणी हळूच काही सांगत असेल, तर तेही ऐका.